लिस्बनला क्रूझ थांबली तर: आधी धक्क्यावरची टेकडी, मग बाकीचं

खाडीकाठ

क्रूझच्या वेळापत्रकात लिस्बन असेल तर जहाजावरच्या सहलींच्या यादीत बेलें, सिंत्रा आणि फातिमा ही नावं हमखास दिसतात. तिन्ही ठिकाणं बघण्याजोगी आहेत. पण सकाळी लागून संध्याकाळी सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशानं सिंत्रा-फातिमासाठी शहर सोडून अर्धा दिवस बसमध्ये काढावा, हे मला अजिबात पटत नाही. युरोपातल्या पुष्कळ बंदरांत जहाज शहरापासून लांब कुठेतरी कंटेनरच्या गर्दीत उभं राहतं. लिस्बनचं सांता आपोलोनिया टर्मिनल (२०१७ साली सुरू झालं) शहराच्या सगळ्यात जुन्या वस्तीच्या, आल्फामाच्या, पायथ्याशी आहे. रस्ता ओलांडला की चढ सुरू. बस नको, गाईड नको.

त्याआधी एक गोष्ट. जहाज तेजू नदीत शिरताना पहाटे उठून डेकवर या. डाव्या हाताला आधी बेलेंचा बुरूज येतो, मग दर्यावर्दींचं उंच पांढरं स्मारक, त्यामागे जेरोनिमोस मठाची लांबलचक भिंत. म्हणजे बेलेंचं पाण्यावरून दिसणारं रूप फुकटात पदरात पडतं. मग येतो तांबडा झुलता पूल. १९६६ साली तो हुकूमशहा सालाझारच्या नावानं उघडला, १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला २५ एप्रिल हे त्या क्रांतीच्या तारखेचं नाव मिळालं. जहाज पुलाखालून जाताना गप्पा थांबवून ऐका. पुलावरच्या काही मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत, त्यावरून गाड्या धावल्या की वरून सलग घुमणारा आवाज येतो. चिमणी पुलाला लागते की काय असं वाटतं, पण पाण्यापासून जवळजवळ ७० मीटर मोकळी जागा आहे.

आता टेकडीबद्दल. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्चं माणसांनी आणि पेटत्या मेणबत्त्यांनी भरलेली. जे लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, त्यांच्यावर त्सुनामीच्या लाटा आल्या. आग त्यापुढे कित्येक दिवस जळत राहिली. राजवाडा गेला, त्याचं ग्रंथालय गेलं. खालचा सपाट भाग, बायशा, पार भुईसपाट झाला. आल्फामाचं नुकसान तुलनेनं कमी झालं आणि तिचे अरबी काळातले वाकडेतिकडे बोळ तसेच राहिले. म्हणून या शहरात भूकंपाआधीचं आणि नंतरचं लिस्बन दहा मिनिटांच्या अंतरावर समोरासमोर बघता येतं.

माझा सुचवलेला रस्ता असा: धक्क्यावरून आधी सरळ वर, मग वळत वळत खाली, आणि शेवटी नदीकाठानं परत.

वर चढलात की पहिला लागतो सांता एंग्रासियाचा पांढरा घुमट. १६८२ ला बांधायला घेतलेलं हे चर्च १९६६ ला पुरं झालं, आता तो राष्ट्रीय पँथिऑन, म्हणजे देशातल्या थोरांचं समाधिस्थान आहे. फादो या पोर्तुगीज गानप्रकारातली गायिका अमालिया रोद्रिगिशची समाधी इथे आहे. वास्को द गामा आणि अफोन्सो द अल्बुकर्क यांची नावंही दिसतील, पण ती नुसती स्मारकं, आत देह नाहीत. घाई असेल तर बाहेरूनच बघून पुढे जा. तिथून पाच मिनिटांवर साओ व्हिसेंत द फोराचा मठ आहे, आणि हा मात्र अजिबात चुकवू नका.

मठात तिकीट काढून आत गेलं की अंगणाच्या चारी बाजूंना निळ्या-पांढऱ्या टाइल्स. वरच्या मजल्यावर फ्रेंच कवी ला फाँतेनच्या नीतिकथांची ३८ चित्रं आहेत. ला फाँतेननं आपल्या नंतरच्या कथा बिदपाई नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतल्याचं स्वतः लिहून ठेवलंय, म्हणजे आपलं पंचतंत्र अरबस्तान-फ्रान्स असा फेरा मारून इथपर्यंत पोचलंय. पण खरी जागा म्हणजे मठाचं जुनं भोजनगृह. तिथे ब्रागांसा या पोर्तुगालच्या राजघराण्याचं दफनस्थान केलंय. लांब दालन, दोन्ही भिंतींलगत संगमरवरी शवपेट्या, फारशी सजावट नाही. मध्ये काळा बुरखा घेतल्यासारखी, तोंड झाकून रडणारी एका स्त्रीची दगडी मूर्ती आहे, ती १९०८ साली खाली नदीकाठच्या चौकात गोळ्या घालून मारलेल्या राजा कार्लुश आणि युवराजासाठी.

भिंतीकडच्या पेट्यांमध्ये कातरीनाची पेटी शोधा. हीच ती कॅथरीन ऑफ ब्रागांझा, जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली. शाळेत आपण ते एका वाक्यात वाचतो, आणि हुंडा कुणाचा, का, हे विचारायचं राहून जातं. पोर्तुगाल १६४० साली स्पेनपासून सुटला होता, पण स्पेननं ते मान्य केलं नव्हतं. इंग्लंडची फौज आणि आरमार पाठीशी हवं म्हणून १६६१ च्या तहात राजकन्येसोबत रोकड, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट देऊन टाकलं. तिनं मुंबई कधी पाहिली नाही. लंडनच्या दरबारात कॅथलिक म्हणून हेटाळणी, नवऱ्याच्या रखेल्या, मूल नाही, असं आयुष्य काढून ती विधवा होऊन लिस्बनला परतली. आजारी भावाच्या जागी तिनं काही काळ राज्यकारभारही चालवला. १७०५ च्या शेवटच्या दिवशी ती गेली. त्या दालनात बहुतेक पर्यटक दोन मिनिटांत फेरी मारून गच्चीकडे जातात. माझी मुंबईकरांना विनंती आहे की इथे जरा थांबावं.

गच्चीवर जाच. अख्खी नदी आणि खाली तुमचं जहाज दिसतं.

मग पोर्तास दु सोल आणि सांता लुझियाचे सज्जे. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्सचं एक मोठं चित्र आहे, नदीकाठचा राजवाड्याचा चौक भूकंपाआधी कसा होता त्याचं. ते नीट बघून ठेवा. थोड्या वेळानं तुम्ही त्याच चौकात उभे असाल आणि चित्रातलं जवळजवळ काहीच तिथे नसेल. खाली उतरताना कॅथीड्रल लागतं, ११४७ साली मूरांकडून, म्हणजे मुसलमान राज्यकर्त्यांकडून, शहर जिंकल्यावर बांधायला घेतलेलं.

अगदी खाली, नदीसमांतर रस्त्यावर, काझा दुश बिकुश. दर्शनी भिंतीचा एकेक दगड चार बाजूंनी तासून टोकदार केलेला. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक टोकाची सावली शेजारच्या दगडावर पडते आणि भिंत खवल्यांची वाटते. हे घर १५२३ साली बांधलं ब्राश द अल्बुकर्कनं, ज्याच्या बापानं, म्हणजे त्याच अफोन्सोनं, १५१० ला गोवा जिंकलं. भूकंपात वरचे मजले कोसळले, ते १९८० च्या दशकात पुन्हा उभारले. आता इथे नोबेल विजेता लेखक जुझे सारामागूच्या नावाची संस्था आहे, आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची रक्षा आहे. तळमजल्यावर उत्खननात सापडलेली रोमन काळातली मासे खारवण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही या काठावर खारवलेल्या मासळीचाच धंदा होता, हे बघून कोकणातल्या माणसाला बरं वाटतं.

तिथून पाच मिनिटांत प्रासा दु कोमेर्सियु, तोच राजवाड्याचा चौक. त्यामागची बायशा भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्किश द पोंबालनं पट्टी ठेवून आखल्यासारखी वसवली. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला आणि नमुन्याभोवती सैनिकांना संचलन करायला लावून जमीन हादरवून पाहिली. भूकंपरोधक बांधकाम इतक्या मोठ्या प्रमाणावर युरोपात त्याआधी झालं नव्हतं.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल ते सांगेन.

मुठेकाठची

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन जाणार आहोत. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. हा चढ जमेल का?

खाडीकाठ

ताई, चढू नका. टर्मिनलबाहेरून टॅक्सीनं थेट साओ व्हिसेंतच्या दारात उतरा आणि तिथून पुढचं सगळं उतारानं करा. पण उतारही सोपा नाही. लिस्बनचे फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान दगडांचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की भयंकर निसरडे. रबरी तळाचे बूट आणि एक काठी हवीच. मठाच्या गच्चीला पायऱ्या आहेत, आईंना खालचं दालन दाखवा आणि तुम्ही वर जाऊन या. सांता लुझियाला बसायला जागा आहे, तिथे त्यांना निवांत बसवा. तिथून कॅथीड्रलपर्यंत जमतंय असं वाटलं तर चाला, नाहीतर पुन्हा टॅक्सी करून चौकात. चौक आणि नदीकाठ पूर्ण सपाट आहे.

वसईचा_वारा

कातरीनाबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. त्या तहाचं पुढे काय झालं तेही इथे असायला हवं, म्हणून लिहितो.

तह झाला म्हणून मुंबई लगेच मिळाली नाही. १६६२ साली इंग्रज आरमार ताबा घ्यायला आलं तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलू इ काश्त्रुनं कागदपत्रांत खोट काढून नकार दिला. वसई-साष्टीच्या जमीनदार पोर्तुगीजांच्या मुंबईत वाड्या होत्या, त्यांनाही हे नको होतं. इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन अडकले. तिथे रोगराईत शिपमन मेला, बहुतेक शिपाईही मेले. शेवटी १६६५ साली हंफ्री कुक नावाच्या माणसानं ताबा घेतला. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेला, असं त्या व्हाइसरॉयनं आपल्या राजाला लिहून कळवलं होतं. राजानं ऐकलं नाही. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राजानंही मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली.

आमच्या वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेतला, म्हणजे लिस्बनच्या भूकंपाच्या सोळा वर्षं आधी. पोर्तुगीजांच्या हातातून उत्तरेकडचा प्रांत गेला, मग राजधानीच कोसळली. दोन्ही घटना मी आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. तुमच्या लेखामुळे एका रेषेत दिसल्या.

दर्यावर्दी७२

लेख आवडला पण बेलेंबाबत असहमत. डेकवरून बघितलं म्हणजे झालं, हे मान्य नाही. बेलें शहराबाहेर नाही, चौकातून १५ नंबरच्या ट्रामनं किंवा काइश दु सोद्रेहून लोकल गाडीनं सहज जाता येतं. जेरोनिमोसच्या दक्षिण दाराचं कोरीवकाम पाण्यातून काय दिसणार? खांबांवर जहाजाचे दोर, गाठी, समुद्री वनस्पती असं सगळं दगडात.

आणि बुरुजाच्या पायथ्याशी गेंडा आहे! वायव्येकडच्या लहान बुरजीखाली, झिजलेला, पण ओळखू येतो. त्याची गोष्ट आपल्याकडेच सुरू होते. अल्बुकर्कनं गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानानं परवानगी नाकारली आणि मान राखायला गेंडा भेट दिला. तो गोव्यात आला, १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढला आणि २० मे ला लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजा मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती घाबरून पळाला. मग तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून साखळदंडासकट मेला. जर्मन चित्रकार ड्यूररचं प्रसिद्ध चित्र याच गेंड्याचं. ड्यूररनं तो पाहिलाही नव्हता, पत्रातलं वर्णन आणि एक रेखाटन यावरून काढला.

वेळ असेल तर टेकडी दुपारपर्यंत आणि मग बेलें, असं करावं. जहाज रात्री उशिरा सुटणार असेल तर नक्कीच.

खाडीकाठ

गेंड्याचं अगदी खरं, तो बघायलाच हवा. माझा विरोध तासाभरात बुरूज, मठ, स्मारक आणि नाता या गोड पेस्ट्रीचं दुकान उरकणाऱ्या बससहलीला आहे. दुपार मोकळी असेल तर तुमचा बेत उत्तम. फक्त सोमवारी जेरोनिमोस बंद असतो, बरीच संग्रहालयंही. जहाज सोमवारी लागत असेल तर टेकडीच धरा.

कृष्णाकाठी

जेरोनिमोसमधली वास्को द गामाची खरी समाधी, अल्बुकर्कचा पुतळा, दर्यावर्दींचं स्मारक, हे सगळं आपण भारतीयांनी कौतुकानं बघत फिरायचं का, हा प्रश्न मला पडतो. १९६० साली सालाझारच्या राजवटीत उभं राहिलेलं ते स्मारक म्हणजे साम्राज्याची जाहिरातच होती. त्यावर फ्रान्सिस झेवियर आहे, अल्बुकर्क आहे, पण ज्यांच्यावर हे राज्य केलं त्यांच्यातलं कोणी नाही.

मी सांगलीचा. आमच्या सांगलीचे मोहन रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात लढले, १९५५ ला जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला. रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. मधली सात वर्षं आपला देश त्यांच्यासाठी काय करत होता, हा प्रश्न आमच्या घरात नेहमी निघायचा. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवापाड खटपट केली, ते ऋण महाराष्ट्रानं विसरू नये.

काशियाश नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर आहे. तुम्ही डेकवर डाव्या बाजूला उभे असता तेव्हा बेलेंच्या आधी तोच किनारा जातो. पहाटे उठणार असाल तर तेही मनात असू द्या.

आल्फामातून

मी इथे नोकरीनिमित्त राहते, म्हणून लिहितेय. कृष्णाकाठींच्या प्रतिसादानंतर एक जागा सुचवल्याशिवाय राहवत नाही. कॅथीड्रलच्या शेजारीच आल्जुब आहे, खाडीकाठ यांच्या रस्त्यावरच. सालाझारच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग होता, १९६५ पर्यंत चालू. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. अगदी अरुंद कोठड्या तिथे पुन्हा बांधून दाखवल्यात. वसाहतींमधल्या स्वातंत्र्यलढ्यांवरही स्वतंत्र भाग आहे. शाळेची मुलं वर्गच्या वर्ग येतात आणि शिक्षक त्यांना आपल्याच देशानं काय केलं ते स्पष्ट सांगतात. पोर्तुगीज लोकांना सरसकट साम्राज्याचे अभिमानी समजू नये. त्या स्मारकाबद्दल इथेही जोरात वाद होतात.

दुसरं, सगळी जहाजं सांता आपोलोनियालाच लागत नाहीत. काही अल्कांतारा धक्क्याला लागतात, पुलाच्या जवळ. तिथून आल्फामा चालत जाण्याइतकी जवळ नाही. पण अल्कांतारालाच पूर्वीच्या खारवलेल्या कॉड माशाच्या गोदामात ओरिएंट संग्रहालय आहे. गोव्यात घडवलेलं शिसवी आणि हस्तिदंती काम तिथे बघायला मिळतं. जहाजाच्या कागदपत्रांत धक्क्याचं नाव आधी बघा.

आणि एक विनंती. आल्फामा हे अजून लोकांचं राहतं घर आहे. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली की बोळ तुंबतात. भाडी इतकी वाढलीयत की माझ्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना मुलांकडे उपनगरात जावं लागलं, घरं पर्यटकांना दिली जातात. उघड्या खिडकीतून आत फोटो काढू नका. दारात बसलेल्या आजींना ‘बोम दिया’ म्हणा, त्या हसून उत्तर देतात. कॉफी धक्क्यावरच्या साखळी दुकानात न घेता गल्लीतल्या टपरीवजा कॅफेत घ्या, पैसे वस्तीत राहतात.

पोळी_भाजी

शाकाहारी माणसानं काय खावं? क्रूझवरून डबा नेऊ देतात का?

आल्फामातून

ताजं अन्न जहाजाबाहेर नेऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी. हिरव्या केलचं सूप, काल्दू व्हेर्द, सगळीकडे मिळतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती घालतात, ‘सें शोरिसू’ असं आधीच सांगा. बऱ्याच ठिकाणी तोवर सूप तयार असतं आणि चकती वरून टाकायची असते, पण रस्सा कशाचा ते विचारून घ्या. चीज, पाव, ऑलिव्ह, टोमॅटोचं सलाड यावर भागतं. मार्तिम मोनीशच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी खानावळी भरपूर, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. पाश्तेल द नातामध्ये अंड्याचा बलक असतो, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. साध्या कॅफेत काचेच्या कपाटात समोसेही दिसतील, गोव्याहून आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांमुळे ते इथे रोजचे झालेत, पण सारण बहुधा मांसाचं.

आणि हॉटेलात बसल्या बसल्या पाव-ऑलिव्ह-लोणी समोर आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट मानत नाही.

मुठेकाठची

आल्फामातून ताई आणि खाडीकाठ, दोघांचे आभार. अजून एक. आमची क्रूझ बार्सिलोनाहून निघून मोरोक्कोत कासाब्लांकाला जाऊन मग लिस्बन आहे. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा चालेल?

दर्यावर्दी७२

नाही चालणार. मोरोक्को शेंगेनबाहेर आहे. तिथे गेलात की तुमचा एक प्रवेश संपला, लिस्बनला दुसरा लागणार. अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करा आणि जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडा. मोरोक्कोच्या व्हिसाबद्दल क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही स्पेनचीच वेळ चालू ठेवतात. मोबाइल मात्र किनाऱ्यावर येताच आपोआप लिस्बनची वेळ दाखवतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, म्हणून मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून मगच उतरा.

वसईचा_वारा

२८ नंबरच्या ट्रामबद्दल कोणी लिहिलं नाही. आई-बाबांना तिनं नेलं तर?

आल्फामातून

जहाजांच्या दिवशी नको. थांब्यावर लांबलचक रांग, आत उभं राहायलाही जागा नाही, आणि पाकीटमार याच ट्रामवर टपून असतात. पिवळी ट्राम बघायची असेल तर पोर्तास दु सोलच्या वळणावर उभे राहा, तिथे ती अगदी अंगाजवळून जाते. मुठेकाठची, तुमचं जहाज मंगळवारी किंवा शनिवारी लागणार असेल तर साओ व्हिसेंतच्या मागच्या मैदानात जुन्या बाजाराचा दिवस असतो. जुन्या टाइल्स, पितळी नळ, ग्रामोफोन, कपबश्या जमिनीवर चादरी पसरून मांडलेल्या असतात. दुपारनंतर उठायला लागतात, सकाळीच जा. जुन्या टाइल्स मात्र विकत घेऊ नका. बऱ्याचशा इमारतींवरून चोरून काढलेल्या असतात. हवीच असेल तर नव्यानं हातानं रंगवलेली घ्या.